एकोणीस पट्ट्या

मित्रांनो, मला ओळखायला वेळ लागणार नाही. लांब पाती, घामाने काळी पडलेली मूठ आणि डाव्या पात्याला टोकापासून दोन बोटांवर एक खाच. मी कात्री आहे, आणि आता बरीच जुनी आहे. सध्या मी नारीन शहराच्या वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलावर असते. दर शनिवारी दुपारी मला काम असते. माझे बरे चालले आहे. पण माझी उमेदीची वर्षे गेली ती लोकांना घाबरवण्यात. तीच हकीकत आज सांगते.

माझा जन्म ओशच्या बाजारातल्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. ट्रकच्या तुटलेल्या पाट्याचे पोलाद तापवून त्याने मला ठोकले. कागद, कापड, केस असल्या हलक्या कामासाठी मी नव्हते. मला नमदा कापायचा होता. लोकर दाबून केलेला, बोटभर जाडीचा नमदा.

कुमुश अपांच्या लग्नात माहेरून आलेल्या सामानात मी नारीनला आले. अपांचे शिर्दाक, म्हणजे नक्षीचे नमद्याचे गालिचे, पंचक्रोशीत नावाजलेले होते. लाल नमद्यावर काळा नमदा ठेवायचा, खडूने वेलबुट्टी आखायची आणि दोन्ही थर एकदम कापायचे. लालमधून निघालेला तुकडा काळ्यात बसतो, काळ्यातला लालमध्ये. अंगठ्याएवढीही चिंधी वाया जात नाही. तीस वर्षे मी हेच काम केले. अपांचे हात दुखू लागले, तेव्हा त्यांनी मला सुनेच्या हवाली केले.

सुनेचे नाव बुरुल. ती शहरातल्या दैनिकात मुद्रितशोधक होती. तिथली कात्री कागदसुद्धा चावून सोडायची. "ही ने," अपा म्हणाल्या, "पण हिला कुणाच्या हातात देऊ नकोस. बाहेरच्या माणसाला कात्रीची कदर नसते."

त्या काळी मजकूर टंकयंत्रावर यायचा. नको तो परिच्छेद कापायचा, हवा तो खळ लावून दुसऱ्या जागी चिकटवायचा, मग पाने लायनो यंत्राकडे जायची. तिथे एसेन नावाचा जाड मानेचा माणूस तापलेल्या शिशातून ओळी ओतायचा. नमद्यानंतर कागद म्हणजे मला लोण्यासारखा वाटला. चार वर्षे मी दूध संघाच्या बातम्या कापल्या.

मग देश बदलला. शनिवारच्या शेवटच्या पानावर ज्या पुढाऱ्यांची भाषणे छापायची, ते पुढारीच उरले नाहीत. पान रिकामे पडू लागले. संपादक होते जपार. सगळे त्यांना आगाय, म्हणजे गुरुजी म्हणायचे. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवले नव्हते, पण दुसऱ्याची चूक दाखवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. वाचकांची पत्रे पाहून त्यांनी ठरवले, की शनिवारी एक भीतीची गोष्ट द्यायची.

"कोण लिहील?" त्यांनी विचारले.

सगळे खिडकीबाहेर पाहू लागले. बुरुलने हात वर केला. चार वर्षे ती दुसऱ्यांचे स्वल्पविराम सरळ करत होती. स्वतःच्या नावाने एक ओळही छापून आली नव्हती.

"तीन शनिवार," जपार आगाय म्हणाले. "तिसऱ्याला कुणी घाबरलं नाही, तर त्या पानावर राशिभविष्य. ते लिहायला मला कुणी लागत नाही."

बुरुलला तेव्हा सातवा महिना होता. महिन्याभरात ती रजेवर जाणार होती. म्हणजे पान मिळाले तर याच तीन शनिवारांत मिळणार होते. एकदा तिथे राशिभविष्य बसले, की ते कुणी उठवत नाही, हे तिला पक्के माहीत होते.

पहिल्या शनिवारी तिने अल्बार्स्तीची गोष्ट दिली. आमच्याकडे हे नाव लहान मूलही जाणते. पिवळ्या केसांची बाई. बाळंतिणीची फुप्फुसे काढून पळते, वाहत्या पाण्याशी नेते, आणि ती पाण्यात बुडवली की बाळंतीण जाते. बुरुलने केस लिहिले, नखे लिहिली, डोळे लिहिले, दात तर दोनदा लिहिले. लोक हसले. एसेन जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "बुरुल, तुझी अल्बार्स्ती आमच्या सासूबाईंसारखी दिसते. फक्त सासूबाईंचा आवाज मोठा आहे."

दुसऱ्या शनिवारी तिने दातांची संख्या वाढवली. लोक हसलेसुद्धा नाहीत.

तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी जपार आगायनी तिला समोर बसवले. मी टेबलावरच होते, म्हणून सगळे ऐकले. त्यांनी दोन्ही गोष्टींमध्ये एका वाक्याखाली निळ्या पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. 'तिचं तोंड तिकडेच राहो.'

मित्रांनो, आमच्याकडे अशुभाचे नाव घेतले की लगेच हे म्हणायचे असते. न म्हणता गप्प राहिलो, तर ते अशुभ आपल्याकडे वळून पाहते, असे मानतात. बुरुलने अल्बार्स्ती लिहिले, की तिचा हात आपोआप पुढचे वाक्य लिहायचा.

"हे काय आहे?" आगायनी विचारले.

"म्हणावंच लागतं ना, आगाय."

"घरात म्हण. इथं तू वाचकाला कड्याच्या टोकापर्यंत नेतेस आणि दर पावलाला त्याचा पट्टा धरून मागे ओढतेस. मग तो घाबरेल कशाला? तू आहेस ना पट्टा धरायला!"

"पण नाव घेतलं की..."

"मग नाव घेऊ नकोस."

"नाव न घेता लोकांना कळणार कसं?"

"मी आत्ता तुला म्हटलं, की एक बाई पाठमोरी बसून पाण्यात काहीतरी धुतेय. कोण ते कळलं?"

बुरुलचा हात झटकन पोटावर गेला. "तिचं तोंड तिकडेच राहो," ती पुटपुटली.

"बघ," आगाय म्हणाले. "एक दात लागला नाही मला."

त्या दिवशी ती जेवली नाही. टंकयंत्रावर चार पाने एका बैठकीत लिहिली. डोंगरातल्या हिवाळी तळावर एक गरोदर सून रोज सकाळी पाणी आणायला ओढ्यावर जाते. पलीकडच्या काठावर कुणी बाई पाठमोरी बसून काही धुते आहे. सून विचारते, "कुणाकडची गं तू?" उत्तर येत नाही. दुसऱ्या दिवशी ती बाई थोडी खाली सरकलेली. तिसऱ्या दिवशी आणखी. जे धुते आहे ते फिकट गुलाबी आहे आणि पाण्यात बुडत नाही, तरंगते. केस नाहीत, नखे नाहीत, नावही नाही. फक्त 'ती'.

पण सवय जाईना. 'ती' लिहिले तरी पुढे ते वाक्य आलेच. गुरुवारी सकाळी बुरुलने मोजले. चार पानांत एकोणीस वेळा.

तिने मला उचलले. पहिले वाक्य कापले, दुसरे कापले, तिसरे कापले. मी बोटभर जाडीचा नमदा कापलेली कात्री, पण त्या तीन पट्ट्या कापताना माझी पाती सरळ चालेनात. चौथ्याला ती थांबली. बाहेर नदीवरचा बर्फ फुटत होता, त्याचा आवाज येत होता. एसेन गॅली, म्हणजे जुळवलेल्या ओळींचे ताट, घेऊन आला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "काय झालं? राशिभविष्यात तुझी रास वाचलीस का?"

"एसेन, तुझी बायको पोटुशी असती तर तू हे कापलं असतंस?"

त्याने वाचले. "मला काय, मी ओळी ओततो," एवढे म्हणून तो गेला.

मग बुरुलने पाने आणि पट्ट्या पिशवीत टाकल्या, वर मला ठेवले, आणि आम्ही भर दुपारी घरी आलो. गोष्ट द्यायची मुदत शुक्रवारी दुपारी दोनची होती.

कुमुश अपा पीठ मळत होत्या. बुरुलने लपवले नाही. लपवणे तिला जमतच नसे. अपांनी ऐकले, आणि पिठाचे हात तसेच वर धरून त्या उभ्या राहिल्या.

"माझ्या कात्रीनं कापलंस हे?"

"हो, अपा."

"सात महिन्यांच्या पोटानं?"

"तीनच कापली. पुढं हात चालेना."

"चालेल कसा! त्या आगायला म्हणावं, तू हो आधी गरोदर, मग शिकव आम्हाला." अपांनी पिठावर एक बुक्की मारली. मग खालच्या आवाजात, "आहे तरी काय गोष्टीत? वाच."

बुरुल वाचू लागली. अपा पीठ मळत राहिल्या. सून ओढ्यावर आली. पलीकडे पाठमोरी बाई. इथले वाक्य कापलेले होते. बुरुल श्वास घेण्यापुरती थांबली.

अपांचे हात थांबले. "तिचं तोंड तिकडेच राहो," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा मळू लागल्या.

दुसऱ्या कापलेल्या जागी त्या परत थांबल्या, परत म्हणाल्या. तिसऱ्या जागी तर त्यांनी दाराकडेही पाहून घेतले. मग आले चौथे वाक्य, जे अजून कागदावर होते. बुरुलने ते वाचले. अपांनी नुसती मान डोलावली. मळणे थांबले नाही. पाचवे वाक्य आले, तेव्हा त्यांनी शेजारच्या गाईची आठवण काढली.

बुरुल वाचायची थांबली. तिने मला पिशवीतून काढले. उरलेली सोळाही वाक्ये तिने अपांच्या समोरच, जमिनीवर बसून कापली. मला सांगायला आनंद वाटतो, की या वेळी एकही पट्टी वाकडी गेली नाही. कापून झाल्यावर ती पुढे वाचू लागली. अपांनी गाईचे नाव काढले नाही. कणीक परातीत तशीच पडून राहिली. प्रत्येक रिकाम्या जागी अपा म्हणत गेल्या, आणि दर वेळी आवाज थोडा वाढत गेला.

"अपा," बुरुल शेवटी म्हणाली, "मी लिहिलं होतं तेव्हा तुम्ही गप्प होता."

"तू म्हणत होतीस ना. दोघींनी कशाला म्हणायचं? आता तू म्हणेनास, तर कुणीतरी म्हणायला नको?" बोलता बोलता त्यांच्याच ध्यानात काही आले. त्या मांडीवर हात पुसून विचार करू लागल्या. "पेपर किती लोक वाचतात गं?"

"चार हजार तरी."

"आणि सगळ्यांना असं तोंडानं म्हणावं लागेल?"

"गोष्ट नीट जमली, तर."

"मग दे छापायला. तू एकटीनं एकोणीसदा म्हणण्यापेक्षा अख्ख्या गावानं म्हटलेलं केव्हाही चांगलं." मग त्यांनी जमिनीकडे पाहिले. "आणि ते तुकडे गोळा कर आधी. शिर्दाकमधलं कापलेलं कुणी फेकतं का?"

त्यांनी एकोणीस पट्ट्या मोजून एकावर एक ठेवल्या, घडी घातली, लाल नमद्याच्या तिकोनी तुकड्यात शिवल्या आणि तो ताईत सुनेच्या गळ्यात बांधला. नमदा मीच कापला. कागद कापण्याच्या चार वर्षांत त्या स्पर्शाची मला फार आठवण येत असे.

शुक्रवारी सकाळी जपार आगायनी गोष्ट वाचली. शेवटी एक परिच्छेद होता. गावातून मुल्ला येतो, मंत्र म्हणतो, बाई नाहीशी होते, सुनेला मुलगा होतो. आगायनी त्यावर बोट ठेवले. बुरुलने तो परिच्छेद कापला आणि तिथे टंकयंत्रावर पाच शब्दांची ओळ लिहून चिकटवली.

'त्या सकाळी ती वळू लागली.'

संपले. पुढे काही नाही.

लायनोचा खडखडाट इतका असतो, की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. पण दीड वाजता त्या खडखडाटावरून एसेनचा आवाज आमच्या खोलीत आला. "तोंड तिकडेच राहो! तिकडेच राहो, म्हटलं!" मग तो दारात आला. कपाळावर घाम होता, आणि तो शिशाच्या भट्टीचा नव्हता. "बुरुल, मी नोकरी सोडेन, पण तुझ्या गोष्टी ओतणार नाही," तो म्हणाला. तिला त्याआधी आणि त्यानंतर मिळालेल्या कौतुकात हेच मला सगळ्यात खरे वाटते.

शनिवारी दहा वाजेपर्यंत कार्यालयाच्या दारात रांग लागली. बुरुल घाबरली. तिला वाटले, लोक भांडायला आले. पण लोकांची तक्रार वेगळीच होती. त्यांना वाटले, छापखान्याने शेवट गाळला.

"आमच्या अंकात खालच्या ओळी आल्या नाहीत," पोस्टातली बाई म्हणाली.

"कुणाच्याच अंकात नाहीत," जपार आगाय म्हणाले. "गोष्ट एवढीच आहे."

"एवढीच कशी? मी पावाच्या रांगेत वाचली. मागची माझ्या खांद्यावरून वाचत होती, तिच्या मागची तिच्या खांद्यावरून. शेवटाला आलो आणि सगळी रांग एकदम म्हणाली, तोंड तिकडेच राहो! पाववाला विचारतो, काय झालं, कोण मेलं?"

उंच टोपी घातलेला एक म्हातारा, आमच्याकडे अशांना मानाने अक्साकाल म्हणतात, काठी टेकत पुढे आला. "लिहिणारी कोण?" बुरुल उभी राहिली. त्याने तिचे पोट पाहिले, गळ्यातला ताईत पाहिला. "पोरी, ती वळली का शेवटी?"

"तुम्हाला काय वाटतं, अक्साकाल?"

म्हाताऱ्याने ते वाक्य ठासून तीनदा म्हटले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेला. रांगेतल्या बाकीच्यांनीही जाता जाता म्हटले. कुणी हसत म्हटले, कुणी गंभीरपणे. बुरुल भिंतीला टेकून ऐकत होती. मी टेबलावरून पाहत होते. तिचा चेहरा इतका निवांत मी चार वर्षांत पाहिला नव्हता.

पान तिचे झाले. रजेच्या काळासाठी आगायनी तिच्याकडून आणखी सहा गोष्टी लिहून घेतल्या आणि प्रत्येकीत दोन चुका दाखवल्या.

मे महिन्यात मुलगी झाली. अपांनी मला त्या आठवड्यात बुरुलच्या उशाखाली ठेवले होते. लोखंड जवळ असले की ती येत नाही, म्हणतात. मी काही केले असे सांगणार नाही. मी फक्त उशीखाली होते, आणि बाळंतपण सोपे झाले, एवढी खरी नोंद आहे. पुढच्या उन्हाळ्यात पोर चालू लागली, तेव्हा रिवाजाप्रमाणे तिच्या पायांना काळ्यापांढऱ्या लोकरीचा दोरा बांधला. आळीतली मुले शर्यत लावून धावली आणि पहिल्या आलेल्या मुलीने तो दोरा माझ्याने कापला. पोर चार पावले टाकून धपकन बसली आणि हसली.

पुढच्या वर्षांत बुरुलने तीनशेच्या वर गोष्टी लिहिल्या. सगळ्या चांगल्या नव्हत्या. काहींमध्ये दात परत आले. पण प्रत्येक गोष्ट पुरी झाली, की ती मला हातात घेऊन पहिल्यापासून वाचायची आणि जिथे ती वाचकाला धीर देत होती, ते वाक्य काढायची. "मी समजावून सांगते तिथं लोक निवांत होतात," असे ती नव्या मुद्रितशोधकांना सांगे.

मग संगणक आले. पडद्यावर कापायला मी लागत नव्हते. मला खणात टाकले. कुणी माझ्याने लोणच्याच्या बरण्या उघडल्या, कुणी विजेची तार कापली. ही खाच त्या तारेची आहे. पात्यांवर खळ वाळून बसली, मधला खिळा गंजला. अकरा वर्षे मी नीट उघडलेही नाही. राग आला का, असे तुम्ही विचाराल. थोडा आला. पण अंधाऱ्या खणात पडल्यावर काय वाटते, हे मला कळले. गोष्टी लिहिणाऱ्यांच्या संगतीत राहिलेल्या कात्रीला तेही उपयोगी पडते.

बुरुल निवृत्त झाली तेव्हा स्वतःचा खण आवरताना तिला मी सापडले. तिने मला धार लावणाऱ्याकडे नेले. खाच जाणार नाही, तो म्हणाला. राहू दे, ती म्हणाली.

आता दर शनिवारी वाचनालयात पंधरा-वीस मुलेमुली भीतीच्या गोष्टी घेऊन येतात. गोष्टींत रक्त फार असते. बुरुल एजे, म्हणजे थोरली ताई, म्हणतात तिला सगळे. ती कुणाला नावे ठेवत नाही. फक्त विचारते, "यातलं तुला स्वतःला कशाचं भय वाटतं?" बहुतेकांना रक्ताचे वाटत नसते. कुणाला घरी आई वेळेवर न आल्याचे वाटते, कुणाला आजोबा आपल्याला ओळखेनासे झाल्याचे. "मग ते लिही," ती म्हणते, आणि बाकीचे कापायला मला पुढे करते. कागदावर खरखर होते. मी सुखात आहे.

मित्रांनो, माझे मागणे लहान आहे. महिन्यातून एकदा माझ्या खिळ्याला तेलाचा थेंब द्या. तार कापायला दुसरे काही शोधा. आणि कात्री दुसऱ्याला देण्याची एक रीत असते, ती विसरू नका. मूठ समोरच्याकडे करायची आणि पाती आपल्या हातात धरायची. भीतीची गोष्टही वाचकाला अशीच द्या. धारेची बाजू आधी लिहिणाऱ्याच्या हाताला लागली पाहिजे.